फेरनची उलटी बाजू : ऐन थंडीतले श्रीनगर

शुक्रवार, जम्मू

पुण्याहून सुटणाऱ्या झेलम एक्सप्रेसला ज्या नदीचे नाव दिले आहे ती नदी जम्मूत नाही. ती पाहायची तर पीर पंजालची पर्वतरांग ओलांडून पलीकडे उतरावे लागते. तरीही आत्याच्या आग्रहावरून पहिला मुक्काम आम्ही जम्मूतच केला. आत्या निवृत्त शिवणशिक्षिका. कच्छी भरतकाम, कर्नाटकी कशिदा आणि काश्मिरी टाका हे तिन्ही प्रकार तिने वर्गातल्या मुलींकडून वर्षानुवर्षे रुमालांवर आणि उशांच्या अभ्ऱ्यांवर करून घेतले. मात्र काश्मिरी टाका ज्या कपड्यावर खऱ्या अर्थाने नांदतो, तो फेरन, म्हणजे काश्मिरी लोकांचा हिवाळी सैल झगा, तिने कधी हातात धरला नव्हता. दल सरोवराच्या काठी छायाचित्रासाठी भाड्याने मिळणारा चमकदार झगा आणि डोक्यावरची झालर म्हणजेच फेरन, अशी आपल्याकडच्या बहुतेक पर्यटकांची समजूत असते, आणि माझीही फारशी वेगळी नव्हती.

जम्मूत थांबण्याचे कारण म्हणजे एका परिचित काश्मिरी पंडित कुटुंबातल्या आजी. १९९० नंतर खोऱ्यातून बाहेर पडलेल्या हजारो कुटुंबांपैकी हे एक. आजींनी लोखंडी पेटीतून मलमलीत गुंडाळलेला आपला लग्नानंतरचा फेरन काढून पलंगावर पसरला, तेव्हा त्यावर भरतकाम जवळजवळ नव्हतेच. पंडित स्त्रियांचा फेरन लांब, घोट्यापर्यंत येणारा, गुडघ्यांच्या खाली कापडाची एक आडवी दुमड शिवलेला असतो. या दुमडीला ‘लाड’ म्हणतात. रुंद बाह्यांच्या टोकाला ‘नरवार’ नावाची रंगीत पट्टी, गळ्यापासून खाली लाल किनार, आणि कमरेला गुंडाळायचा ‘लुंगी’ नावाचा कापडी पट्टा. आत त्याच मापाचा पांढऱ्या सुती कापडाचा दुसरा झगा असतो, तो ‘पूत्स’. लोकर अंगाला टोचू नये आणि घामाने, काजळीने लोकर खराब होऊ नये, ही दोन्ही कामे तो एकटा करतो. धुवायचा तो पूत्स, वरचा फेरन क्वचितच.

आजींनी आम्हाला शिशुरची प्रथाही सांगितली. नव्या सुनेचा किंवा नवजात बाळाचा पहिला हिवाळा आला की तिच्या अथवा बाळाच्या कपड्याला एक छोटी पुरचुंडी बांधतात, नातेवाइकांना बोलावतात आणि थंडीची बाधा होऊ नये म्हणून शुभचिंतन करतात. जम्मूच्या उन्हाळ्याने मात्र फेरनला हद्दपार केले. खोऱ्यातून आल्यावर पहिल्या मे महिन्यातच सगळ्याजणी साडी आणि सलवार-कमीजवर आल्या, असे सांगताना त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, हिशेब होता: जे हवामानासाठी शिवले होते ते हवामानाबरोबरच मागे राहिले. आता तो लग्नातल्या देवगोणाच्या विधीला, हेरथला, म्हणजे महाशिवरात्रीला, आणि हौसेच्या छायाचित्रांपुरता बाहेर निघतो. आत्याने परवानगी विचारून फेरन उलटा केला आणि आतल्या शिवणी बोटाने चाचपल्या. पुढच्या सबंध प्रवासात दिसेल तो कपडा उलटून पाहण्याचा तिचा क्रम येथून सुरू झाला.

शनिवार, कटरा ते श्रीनगर

पहाटे कटऱ्याला जाऊन सकाळची वंदे भारत पकडली. ६ जून २०२५ रोजी हा मार्ग खुला झाला आणि चिनाब नदीपासून ३५९ मीटर उंचीवरच्या कमानी पुलावरून गाड्या जाऊ लागल्या. डबाभर भ्रमणध्वनी खिडक्यांना चिकटले, आणि पूल संपेपर्यंत नदी फारशी कोणी डोळ्यांनी पाहिलीच नाही. मला अधिक लक्षात राहिला तो बनिहालचा थांबा. तेथपर्यंत डब्यात जाकिटे, स्वेटर आणि मफलर होते. बनिहालला फलाटावर करड्या, तपकिरी ट्वीडचे फेरन घातलेले पुरुष दिसू लागले आणि सव्वाअकरा किलोमीटरच्या बोगद्यातून काझीगुंडला बाहेर पडलो तेव्हा शेतांतून चालणारी प्रत्येक आकृती एकाच बाह्यरेषेची झाली होती: खांद्यापासून गुडघ्याखाली सरळ उतरणारी, आणि दोन्ही बाह्या रिकाम्या लोंबत असलेली. हात आत, कांगडीवर, म्हणजे निखाऱ्यांच्या छोट्या हातशेगडीवर.

चिल्लई कलान चालू होते. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा हा कडाक्याचा काळ, त्यानंतर वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्लई बच्चा, अशी काश्मिरी हिवाळ्याची उतरंड आहे. अलीकडे २१ डिसेंबर हाच ‘फेरन दिवस’ म्हणून हौसेने साजरा होतो आणि लाल चौकातल्या घंटाघराजवळ तरुण मंडळी नवे फेरन घालून जमतात. राजबागेतल्या आमच्या निवासात नळ गोठलेला होता. खोलीत गादीखाली विजेची उबदार चादर होती आणि वीज नव्हती.

रविवार, श्रीनगर

दर रविवारी पर्यटक स्वागत केंद्रापासून लाल चौकाच्या दिशेने जो पदपथी बाजार भरतो, त्यात आम्ही सकाळ घालवली. येथे भरतकाम शोधायला कोणी येत नाही. जाकिटे, बूट, घोंगड्या, जुनी स्वेटरे यांच्या ढिगांमध्ये तयार ट्वीडचे पुरुषी फेरन टांगलेले असतात आणि गिऱ्हाईक त्याची पारख तीन गोष्टींनी करते: कापड मुठीत आवळून सोडणे, बगलेची शिवण ओढून पाहणे, आणि अंगात घालून आतल्या आत दोन्ही हात पोटाशी जुळतात की नाही हे पाहणे. तिसरी चाचणी सर्वांत महत्त्वाची. आपण कपड्याचे माप छाती, कंबर, खांदा असे घेतो; फेरनचे माप शरीर अधिक कांगडी असे घेतले जाते. म्हणून त्याला कंबर नाही, चुण्या नाहीत, बाजूला चीर नाही किंवा नावापुरती आहे, आणि बाह्या एवढ्या सैल आहेत की हात कोणतेही बटण न काढता बाहेरून आत सरकतो. आत्याने वर्गात जे काही शिकवले होते, त्याच्या उलट हे शास्त्र होते. तेथेच उभ्या उभ्या तिने पोलक्याच्या कटोरीपासून फेरनपर्यंतची तुलना सुरू केली, ती मी आवरती घेतली, कारण पाय गारठले होते.

दुपारी हरिसिंह हाय स्ट्रीटजवळच्या गोनी खान बाजारात गेलो. हा बायकांचा बाजार, आणि येथे चित्र पालटते. काळा, मोरपंखी, डाळिंबी अशा रंगांचे रफल नावाच्या मऊ लोकरी कापडाचे फेरन, लग्नासाठी मखमलीचे. गळा, छाती, मनगटे आणि खालचा घेर टिल्ल्याने, म्हणजे सोनेरी-रुपेरी जरीच्या भरतकामाने झगमगणारे. भाव ऐकले तर एकाच नक्षीच्या दोन फेरनांत कित्येक पटींचा फरक. दुकानदाराने कारण एका वाक्यात सांगितले: “बहनजी, यह मशीन है, वह हाथ है.” आत्याने दोन्ही उलटे केले. यंत्रावरच्या कामाच्या मागे पांढऱ्या कागदी अस्तराचे तुकडे अडकलेले होते आणि दोऱ्याचे जाळे सगळीकडे सारखे, एकाच ताणाचे होते. हाताच्या कामाच्या मागे मात्र जर अजिबात नव्हती. होते ते फक्त सुती दोऱ्याचे बारीक, थोडे तिरके टिपके. आत्याला उलगडा तिथेच झाला. मला तो दुसऱ्या दिवशी कारागिराच्या गुडघ्यावर पाहावा लागला.

सोमवार, जुने शहर

झैना कदल हा वितस्तेवरचा पूल, म्हणजे आपल्या पुस्तकांतल्या झेलमवरचा, पंधराव्या शतकातल्या सुलतान झैन-उल-आबिदीनच्या नावाचा आहे. खोऱ्यात त्याला ‘बडशाह’ म्हणतात आणि इथल्या बहुतेक हस्तकला तोच बाहेरून घेऊन आला, असे मानतात. दुसरी परंपरा हे श्रेय त्याच्या आधीच्या शतकात आलेल्या सूफी संत मीर सय्यद अली हमदानी यांना आणि त्यांच्यासोबतच्या कारागिरांना देते. त्यांच्या नावाची लाकडी खानकाह, म्हणजे सूफी मठ, येथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. आम्ही दोन्ही दावे ऐकून घेतले आणि नाश्त्याला हरिसा खाल्ला. रात्रभर मातीच्या भट्टीत पुरलेल्या हंड्यात मटण आणि तांदूळ घोटून केलेला हा पदार्थ फक्त हिवाळ्यात मिळतो. आत्या शाकाहारी असल्यामुळे तिने गिर्दा नावाच्या पावावर आणि गुलाबी रंगाच्या खारट चहावर भागवले.

टिल्ल्याचे काम जिथे चालते ती खोली पहिल्या मजल्यावर, खालच्या लाकडी जिन्याने वर, खिडकीशी. तीन माणसे भिंतीला टेकून बसलेली, प्रत्येकाचा एक गुडघा उभा आणि त्यावर फेरनचा गळा ताणून पसरलेला. चौकट नाही, कडे नाही. गुडघा हीच चौकट. नक्षी आधी नक्काश काढतो. तो पातळ कागदावर रेखाटन करून रेषेरेषेवर सुईने भोके पाडतो, कागद कापडावर ठेवून त्यावरून रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी भुकटी फिरवली की ठिपक्यांची नक्षी खाली उमटते. कारागिराचे काम या ठिपक्यांवर सुरू होते. जरीचा दोरा तो सुईत ओवत नाही. जर कापडाच्या पृष्ठभागावर ठेवायची, ठिपक्यावर नेऊन वळवायची, वळणाच्या जागी दुसऱ्या हातातल्या सुईच्या सुती दोऱ्याने टाचायची, पुन्हा उलट दिशेला न्यायची. अशा शेजारीशेजारी बसवलेल्या वळशांनी बदाम भरतो, चिनाराचे पान भरते, पाम्पोश म्हणजे कमळ उमलते. धातूचा दोरा कापडातून ओढला तर सोलवटतो आणि कापडही कापतो, म्हणून तो वरच राहतो. मागच्या बाजूचे सुती टिपके म्हणजे हीच टाचणी होती.

मशीनचा टिल्ला सपाट दिसतो आणि हाताचा उठून दिसतो, याचेही कारण येथे कळले. यंत्र नक्षीची प्रत्येक वळी सारख्या दाबाने खाली खेचते. माणूस वळणावर टाचतो आणि मधला भाग मोकळा सोडतो, त्यामुळे प्रत्येक वळसा किंचित कमान धरून राहतो आणि उजेड त्याच्यावर वेगवेगळ्या कोनांतून पडतो. हलकी नक्षी असेल तर गळा आणि मनगटांना काही आठवडे पुरतात. भरगच्च लग्नाच्या फेरनला महिने जातात. ज्येष्ठ कारागिराच्या शेजारी जरीची रिळे होती आणि त्यांवरचा पत्ता सुरतचा होता. आत्या एकदम खुलली, कारण येवल्याच्या पैठणीत जाणारी जरही आज बहुतांशी सुरतेहूनच येते. चांदीच्या तारेची जुनी जर वजनदार असे आणि कपडा विरला की वितळवून चांदी परत मिळे. पैठणीच्या जुन्या पदरांची गतही आपल्याकडे तशीच झाली. “तुमच्याकडे ही जर विणतात आणि आमच्याकडे वर बसवतात,” असे त्या कारागिराने हसत म्हटले, आणि दोन्ही कलांमधला तांत्रिक फरक याहून नेमका मला तरी सांगता आला नसता.

त्याच इमारतीच्या तळमजल्यावर आरीचे काम चालले होते. आरी म्हणजे टोकाला आकडी असलेली सुई. डावा हात कापडाखाली दोरा धरून असतो, आकडी वरून भोसकून तो वर ओढते आणि साखळी टाका भराभर पुढे सरकतो. रोजच्या वापरातल्या रफल फेरनवर हेच काम सर्वाधिक दिसते, आणि किंमत आवाक्यात राहते ती या वेगामुळे. तिसरा प्रकार सोझनी. बारीक सुई, रेशमी दोरा, ताण्याचे दोन-तीन धागेच उचलणारा टाका. तो मुख्यतः पश्मिन्याच्या शालीवर आणि क्वचित उंची फेरनच्या गळ्यावर येतो. काश्मीर सोझनीला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. युनेस्कोने २०२१ मध्ये श्रीनगरला हस्तकला आणि लोककलांचे सर्जनशील शहर म्हणून निवडले. त्याचे प्रमाणपत्र कुठेतरी टांगलेले असेलच. वरच्या खोलीत मात्र टिल्ल्याच्या तीन कारागिरांपैकी सर्वांत तरुण माणूस पन्नाशीचा होता. मुलगा काय करतो असे विचारल्यावर वडीलधाऱ्याने फक्त खिडकीबाहेरच्या रिक्षांकडे बोट केले.

मंगळवार

दिवसभर बर्फ. बाहेर पडणे झाले नाही. घरमालकांच्या हमामात, म्हणजे खालून लाकडे पेटवून दगडी फरशी तापवलेल्या खोलीत, सगळे कुटुंब आणि आम्ही दोघी बसून राहिलो. तेथे मला अकबराची कथा पहिल्यांदा सविस्तर ऐकायला मिळाली: १५८६ मध्ये मोगलांनी काश्मीर घेतले आणि येथल्या लढाऊ लोकांना सुस्त करण्यासाठी त्यांच्यावर हा बायकी झगा लादला. इंग्रजी अमदानीतल्या लेखकांनीही ही गोष्ट आवडीने उगाळली आहे. मला ती पटत नाही. कांगडी, पूत्स, सैल बाह्या आणि जमिनीवर उकिडवे बसण्याची सवय यांचा एवढा चपखल मेळ बादशाही हुकमाने बसत नसतो. तो पिढ्यान्पिढ्यांच्या थंडीने बसतो. शिवाय सुस्त करण्याचा आरोप करणाऱ्यांनी फेरन घालून कोणाला लाकडे फोडताना पाहिलेले नसावे. आम्ही त्या दिवशी खिडकीतून पाहिले.

घरमालकांचा मुलगा शिक्षक. २०१८ च्या डिसेंबरात कुपवाडा जिल्ह्यातल्या लंगेट येथील शिक्षण कार्यालयाने फेरन घालून कार्यालयात येण्यास मनाई करणारा आदेश काढला होता आणि टीका झाल्यावर तो मागे घेतला, याची आठवण त्याने काढली. फेरनच्या आत काय आहे हे दिसत नाही, ही सुरक्षा व्यवस्थेची अडचण. आणि आत काय आहे हे दुसऱ्याला दिसू नये, हाच थंडीत फेरन घालणाऱ्याचा सोयीचा भाग. नाक्यावर अडवले की वर उचलून कांगडी दाखवावी लागते, हे तो इतक्या सहजपणे म्हणाला की पुढे विचारण्यासारखे काही उरले नाही.

बुधवार, चरार-ए-शरीफ

बर्फ थांबले, रस्ता मोकळा झाला, आणि आम्ही बडगाम जिल्ह्यातल्या चरारला गेलो. शेख नूरुद्दीन, ज्यांना खोऱ्यात नुंद ऋषी म्हणतात, त्यांचा दर्गा येथे आहे. १९९५ मध्ये तो जळाला आणि नंतर पुन्हा बांधला गेला. दर्ग्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना कांगड्यांची दुकाने. आत ‘कोंडुल’ नावाचे मातीचे भांडे, बाहेर लवचिक काटक्यांचे विणकाम, पाठीशी उंच कमान आणि तिला साखळीने लटकलेली ‘चालन’, म्हणजे निखारे हलवायची छोटी पळी. चरारच्या कांगडीचे विणकाम बारीक आणि रंगवलेले असते. नव्या सुनेच्या पहिल्या हिवाळ्यात माहेरून अशी नक्षीदार कांगडी पाठवतात.

फेरन समजायचा तर कांगडी हातात धरावी लागते. भरलेली कांगडी मी फेरनखाली घेतली तेव्हा पहिली भीती अर्थातच कापड पेटण्याची होती, पण चिनाराच्या पानांचा आणि लाकडाचा कोळसा राखेखाली दबून धुमसतो, ज्वाळा करत नाही. ऊब हळूहळू वर चढते आणि घेर बंद असल्यामुळे गळ्याशी येऊन थांबते. बाजूच्या चिरा का नाहीत, हे त्या क्षणी कोणी सांगावे लागले नाही. या सोयीची किंमतही आहे. पोटाच्या व मांड्यांच्या त्वचेवर सततच्या उष्णतेने जाळीदार काळे डाग पडतात आणि त्यातून होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाला वैद्यकात कांगडीचेच नाव मिळाले आहे. मिशनरी डॉक्टरांनी त्याची नोंद एकोणिसाव्या शतकातच केली होती. आत्याने शोभेची, कोरी कांगडी घेतली.

गुरुवार, श्रीनगर

आज शिंप्याकडे. आत्याने कापड ठरवून ठेवले होते: गडद तपकिरी रफल, आणि टिल्ला फक्त गळ्याला व मनगटांना, तोही रुपेरी. छातीभर नक्षी तिला नको होती. पेशवाईपासून आपण काश्मीरची शालजोडी मिरवत आलो आणि सत्काराला अजूनही शाल-श्रीफळ देतो, त्यामुळे काश्मिरी वस्तू म्हणजे भरगच्चपणा असे आपल्या डोळ्यांत बसले आहे; इथल्या वयस्क बायकांच्या अंगावरचे रोजचे फेरन मात्र गळ्याची चार बोटे सोडली तर साधेच असतात, आणि आठवडाभर ते पाहिल्यावर दुकानांच्या दर्शनी काचेतले नमुने मलाही जड वाटू लागले होते.

माप घेताना वाद झाला. पुण्यात बंद घेराने चालता येणार नाही, दुचाकीवर बसता येणार नाही, म्हणून दोन्ही बाजूंना गुडघ्यापर्यंत चीर ठेवा, असे आत्याचे म्हणणे. शिंपी वयाने तिच्याएवढाच. त्याने फीत गळ्यात टाकली आणि अत्यंत अदबीने नकार दिला. चीर हवी असेल तर शहरात हवे तेवढे तयार फेरन मिळतील, टोपीवाले, चेनवाले, कमरेत घेतलेले. त्याच्या हातून निघालेल्या फेरनमधून वारा जाणार नाही. आत्याने त्याला उलट विचारले की पुण्यात कांगडी नाही, मग ऊब राखायची कोणासाठी? “बाजी, आपके लिए,” एवढेच तो म्हणाला. बरीच घासाघीस झाल्यावर घेर बंद राहिला, लांबी चार बोटे कमी झाली आणि पुरुषांच्या फेरनला असते तशी हात आत जाण्यापुरती फट दोन्ही कुशींवर ठरली. हाताचा टिल्ला व्हायला मार्च उजाडणार होता. अर्धी रक्कम आगाऊ देऊन आत्याने पावतीच्या मागे नक्षीचा बदाम स्वतः काढून दिला; शिंप्याने तो पाहिला, देठाचे वळण पेन्सिलीने थोडे खोडून सुधारले, आणि कागद नक्काशाकडे पाठवण्याच्या गठ्ठ्यात ठेवला.